दोरी, कंपास आणि जाळी

गणित हा बुद्धीचा प्रांत आणि कला हा हृदयाचा, अशी एक वाटणी आपण मनाशी पक्की करून ठेवली आहे. दहावीचा निकाल लागला की ही वाटणी घरोघरी प्रत्ययास येते. ज्याला गुण अधिक तो गणिताच्या वाटेने जातो, आणि ज्याचा हात रंगरेषांत रमतो त्याच्याविषयी वडीलधारी मंडळी काहीशा चिंतेने बोलू लागतात. इतिहासाची पाने उलटली म्हणजे मात्र असे दिसून येते की, ही वाटणी फारशी जुनीही नाही आणि फारशी खरीही नाही. एके काळी दोरी ताणणारा हात आणि सिद्धता मांडणारी बुद्धी ही परस्परांच्या घरी जात-येत असत. कित्येकदा ती एकाच घरात नांदत असत.

प्रस्तुत लेखक गणिताचा पदवीधर नव्हे. कला शाखेची पदवी घेऊन केंद्र सरकारच्या सेवेत शिरलेला, आणि बदल्यांच्या निमित्ताने उत्तर व मध्य हिंदुस्थानातील जुन्या वास्तू पाहण्याचा योग आलेला एक जिज्ञासू, एवढीच त्याची पात्रता. दिल्ली, आग्रा, मांडू येथील दगडी जाळ्यांपुढे उभे राहिले असता हे कोणी आखले आणि कसे आखले, असा प्रश्न मनात उद्भवतो. त्याचे उत्तर शोधीत गेल्यास आपण एकीकडे वैदिक यज्ञभूमीपर्यंत आणि दुसरीकडे थेट भास्कराचार्यांच्या बीजगणितापर्यंत जाऊन पोहोचतो. त्या प्रवासाचा हा धावता आलेख आहे.

यज्ञभूमीवरील दोरी

आपल्या देशातील भूमितीचे सर्वांत जुने उपलब्ध ग्रंथ म्हणजे शुल्बसूत्रे. शुल्ब म्हणजे दोरी. बौधायन, आपस्तंब, मानव आणि कात्यायन ही त्यांपैकी प्रमुख नावे होत. या ग्रंथांचा हेतू मुळी भूमिती शिकविणे हा नव्हताच. यज्ञासाठी विटांची चिती कशी रचावी, हे त्यांना सांगावयाचे होते. पंख पसरलेल्या ससाण्याच्या आकाराची श्येनचिती, रथचक्राच्या आकाराची, कासवाच्या आकाराची, असे चितींचे अनेक प्रकार होते. आकार कोणताही असो, क्षेत्रफळ मात्र ठरलेले : साडेसात चौरस पुरुष. पुरुष म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या यजमानाची उंची. आकार बदलावा आणि क्षेत्रफळ बदलू नये, ही अट कोणाही शिल्पकाराची कसोटी पाहणारी होती, आणि या अटीतूनच आपली भूमिती जन्माला आली असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. काटकोन चौकोनाच्या कर्णावरील चौरस हा त्याच्या दोन बाजूंवरील चौरसांच्या बेरजेइतका असतो, हा पुढे पायथागोरसच्या नावाने प्रसिद्ध झालेला सिद्धांत बौधायनाने दोरीच्याच भाषेत सांगितला आहे.

कात्यायनाने सांगितलेली एक युक्ती येथे मुद्दाम देतो, कारण पुढे आपल्याला तिची आठवण ठेवावी लागणार आहे. समान आकाराच्या कितीही चौरसांचा मिळून एकच चौरस करावयाचा असल्यास काय करावे? कात्यायन सांगतो, की एक समद्विभुज त्रिकोण घ्यावा. त्याचा पाया चौरसांच्या संख्येपेक्षा एकाने कमी असावा, आणि उरलेल्या दोन बाजू मिळून त्या संख्येपेक्षा एकाने अधिक असाव्यात. अशा त्रिकोणाची उंची हीच इष्ट चौरसाची बाजू होय. तीन चौरसांसाठी पाया दोन आणि उरलेल्या बाजू मिळून चार, म्हणजे प्रत्येकी दोन. एक दोरी, तीन खुंट्या आणि मधोमध ओढलेला लंब, एवढ्यात काम झाले. दोनाच्या वर्गातून एकाचा वर्ग वजा केला म्हणजे तीन उरतात, हे वाचकांना पडताळून पाहता येईल.

दोरीचा हा मान पुढच्या शिल्पशास्त्रातही टिकून राहिला. वास्तू उभारणाऱ्या चार शिल्पींमध्ये स्थपतीच्या खालोखाल सूत्रग्राहीचे नाव येते. सूत्रग्राही म्हणजे दोरी धरणारा. आपला मराठी ‘सुतार’ हा शब्दही ‘सूत्रधार’ या शब्दापासूनच आला आहे. लाकडावर दोरीने रेघ मारणारा सुतार आपल्या नावात केवढा इतिहास वागवीत असतो, याची त्याला व आपल्यालाही क्वचितच जाणीव असते.

बगदादची बैठक

आता आपण सुमारे दीड हजार वर्षे पुढे आणि पश्चिमेकडे जाऊ. दहाव्या शतकातील बगदाद हे विद्येचे माहेरघर होते. संस्कृत आणि ग्रीक गणितग्रंथ तेथे पूर्वीच अरबी भाषेत उतरले होते. खोरासानातून तेथे आलेला अबुल वफा अल-बूझजानी (इ. स. ९४० ते ९९८) हा त्या काळचा एक थोर गणिती होय. त्याने कारागिरांना उपयोगी पडेल अशा भूमितीवर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्या ग्रंथात त्याने कारागीर आणि भूमितिज्ञ एकत्र जमलेल्या एका बैठकीचा उल्लेख केला आहे. चर्चेचा विषय काय होता? तीन समान चौरसांपासून एक चौरस करणे! यज्ञभूमीवरील जुनाच प्रश्न फरश्या आणि नक्षी यांच्या निमित्ताने पुन्हा उभा राहिला होता.

कारागिरांपाशी त्याची काही उत्तरे होती. ते चौरसांचे तुकडे करून असे जुळवीत की आकृती डोळ्यांना चौरस दिसे. पण नीट मोजले असता बाजू जमत नसे. भूमितिज्ञांना इष्ट बाजूची लांबी अचूक काढता येत होती. पण हातातले तीन चौरस नेमके कोठे कापावयाचे हे त्यांना सांगता येईना. अबुल वफाचे निदान मोठे मार्मिक आहे. कारागीर डोळ्यांवर विसंबतो आणि सिद्धतेची फिकीर करीत नाही. भूमितिज्ञाला सिद्धता सापडली की तो संतुष्ट होतो, वस्तू प्रत्यक्षात बनते की नाही याची त्याला पर्वा नसते. दोघांचेही ज्ञान अर्धेच.

मग त्याने स्वतःची रीत सांगितली. दोन चौरस कर्णरेषेवर कापावेत, म्हणजे चार त्रिकोण मिळतात. तिसरा चौरस अखंड मध्ये ठेवावा. त्याच्या प्रत्येक बाजूलगत एकेका त्रिकोणाचा कर्ण असा लावावा की, कर्णाचे एक टोक चौरसाच्या कोपऱ्याशी जुळेल आणि दुसरे टोक पुढच्या कोपऱ्याच्या थोडे पलीकडे जाईल. चारही त्रिकोण एकाच दिशेने, भिंगरीच्या पात्यांप्रमाणे लागले पाहिजेत. नंतर चार त्रिकोणांचे चार काटकोनी शिरोबिंदू सरळ रेषांनी जोडावेत. या रेषांच्या बाहेर राहिलेली चार छोटी टोके कापून आतल्या चार मोकळ्या जागांत ठेवली की ती बिनचूक बसतात, आणि तीन चौरसांचा एक चौरस होतो. ही रीत सिद्धही करता येते आणि कात्रीने कापूनही दाखविता येते. वाचकांनी घरातील मुलांना जवळ घेऊन कागदाचे तीन चौरस कापून पाहावेत. अबुल वफाचे समाधान काय होते, हे तेव्हा ध्यानात येईल.

छत्तीस अंशांची फट

आता आपल्या देशातील जाळ्यांकडे वळू. जाळीची नक्षी पुष्कळदा बहुकोनांच्या रचनेवर उभी असते. एकाच प्रकारच्या समभुज, समकोन फरश्यांनी सपाट जमीन फटीशिवाय झाकावयाची असेल, तर तसे तीनच आकार चालतात : त्रिकोण, चौरस आणि षट्कोन. कारण सरळ आहे. एका बिंदूभोवतीचे सर्व कोन मिळून ३६० अंश झाले पाहिजेत. त्रिकोणाचे ६० अंशांचे सहा कोन, चौरसाचे ९० अंशांचे चार आणि षट्कोनाचे १२० अंशांचे तीन कोन तेथे नेमके बसतात. पंचकोनाचा कोन १०८ अंशांचा. असे तीन कोन एकत्र ठेवले की बेरीज ३२४ होते आणि ३६ अंशांची फट उरते. चौथा पंचकोन तेथे मावत नाही.

षट्कोनी जाळी आखणे त्या मानाने सोपे असते. कंपासाने वर्तुळ काढावे, आणि कंपासाचे अंतर न बदलता परिघावर खुणा करीत जावे. बरोबर सहा खुणा होतात. कोन मोजावा लागत नाही, आकडा लिहावा लागत नाही. अक्षरशत्रू कारागिरालाही ते साधते. दिल्लीच्या हुमायूनच्या मकबऱ्यातील कितीतरी नक्षी या षट्कोनाच्या आणि सहा टोकांच्या ताऱ्याच्या परिवारातील आहेत. खरा पेच पाच आणि दहा टोकांच्या ताऱ्यांचा. तेथे ती ३६ अंशांची फट आडवी येते.

इराण आणि मध्य आशियातील कारागिरांनी या फटीलाच आपलेसे केले. एकाच आकाराचा आग्रह सोडून त्यांनी आकारांचे एक कुटुंब घेतले : दशकोन, पंचकोन, लांबट षट्कोन, कंबरेत चिंबलेला डमरूसारखा एक आकार आणि समभुज चौकोन. या साऱ्यांचे कोन ७२, १०८, १४४ किंवा २१६ अंशांचे, म्हणजे सगळे छत्तिसाच्या पटीतले. आणि साऱ्यांच्या बाजू समान लांबीच्या. त्यामुळे ते एकमेकांशी जुळतात, फट राहत नाही आणि दशदल तारे फुलत जातात. आग्र्याला यमुनेच्या डाव्या तीरावर नूरजहानने आपल्या पित्यासाठी बांधविलेला एतमादुद्दौलाचा मकबरा (१६२२ ते १६२८) आहे. ताजमहालाच्या दर्शनाने तृप्त झालेले बहुतेक प्रवासी तेथे जातच नाहीत. त्याच्या भिंतींवरील जडावाच्या कामात या पद्धतीची नक्षी आजही पाहावयास मिळते.

या नक्षीचे गणिती मर्म उलगडावयास विसावे शतक संपावे लागले. सपाट पृष्ठावर पुन्हा पुन्हा येणाऱ्या नक्षीचे मूळ प्रकार सतराच असतात, हे रशियन शास्त्रज्ञ फेदोरोव याने १८९१ साली दाखविले. हॉलंडचा चित्रकार एशर याने स्पेनमधील अलहंब्रा राजवाड्याच्या भिंतींवरील नक्षी १९२२ व १९३६ साली पाहिली आणि त्यातून त्याच्या चित्रांना नवी दिशा मिळाली. १९७० नंतरच्या दशकात इंग्रज गणिती रॉजर पेनरोज याने पंचकोनी वळणाची, पण कधीही तंतोतंत पुनरावृत्त न होणारी मांडणी शोधली. १९८२ साली डॅन शेख्टमन यांना काही मिश्रधातूंच्या अणुरचनेत तसलाच क्रम आढळला, आणि त्याबद्दल त्यांना २०११ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मग २००७ साली पीटर लू आणि पॉल स्टाइनहार्ट या दोघा अभ्यासकांनी असे मांडले की, इस्फहान येथील दर्ब-ए-इमाम या १४५३ च्या वास्तूवरील नक्षी पेनरोजच्या मांडणीच्या अगदी जवळ जाते. त्या कारागिरांना या गणिताची कितपत जाण होती, याविषयी विद्वानांत वाद आहे. परंतु आपल्याकडील भिंतीही शतकानुशतके आपल्यासमोरच उभ्या होत्या आणि त्यांच्याकडे कंपास घेऊन पाहणारे फार थोडे होते, एवढे तरी मान्य करावे लागेल.

एका स्थपतीचे घराणे

यावर कोणी असे म्हणेल की, कारागिराचा हात सरावाने चालतो. त्याला गणित कोठून येणार? या शंकेला मोगल काळातील एका घराण्याने चोख उत्तर देऊन ठेवले आहे. आणि त्या घराण्याचा महाराष्ट्राशी दुहेरी संबंध आहे.

उस्ताद अहमद लाहोरी हा शाहजहानचा स्थपती. ताजमहाल आणि दिल्लीचा लाल किल्ला यांच्या रचनेचे श्रेय त्याच्या मुलाने, लुत्फुल्लाहने, आपल्या फारसी काव्यात त्याला दिले आहे. युक्लिडची भूमिती आणि टॉलेमीचे ज्योतिष यांत आपला पिता निष्णात होता, असेही तो अभिमानाने सांगतो. लुत्फुल्लाह स्वतः ‘मुहंदिस’ म्हणून ओळखला जाई. हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. मुहंदिस म्हणजे भूमितिज्ञ, आणि मुहंदिस म्हणजेच अभियंता. त्या भाषेला या दोन व्यवसायांसाठी दोन शब्दांची गरज वाटली नाही.

लुत्फुल्लाहचा थोरला भाऊ अताउल्लाह रशीदी. इ. स. १६३४–३५ मध्ये, म्हणजे यमुनेच्या काठी ताजमहालाचे बांधकाम चालू असतानाच, स्थपतीच्या या मुलाने एका संस्कृत ग्रंथाचा फारसी अनुवाद पुरा करून शाहजहानला अर्पण केला. तो ग्रंथ म्हणजे भास्कराचार्यांचे बीजगणित! भास्कराचार्यांच्या लीलावतीचा फारसी अनुवाद अकबराच्या दरबारी फैजीने १५८७ साली केला होता. परंतु तो कवी होता. बीजगणिताला हात घातला तो दगडाच्या व्यवहारात वाढलेल्या माणसाने.

त्याला त्या ग्रंथात काय भेटले असेल? इतर अनेक गोष्टींबरोबर एक उदाहरण निश्चित भेटले. काटकोन त्रिकोणाच्या बाजू १५ आणि २० असता कर्ण किती आणि त्याची उपपत्ती काय, असा प्रश्न भास्कराचार्यांनी तेथे घातला आहे. असे चार त्रिकोण भिंगरीसारखे फिरवून मांडले की मध्ये पाच बाजूचा एक छोटा चौरस उरतो. चार त्रिकोणांचे क्षेत्रफळ ६००, छोट्या चौरसाचे २५, मिळून ६२५. म्हणून कर्ण २५. चौरसाभोवती चार त्रिकोणांची ही भिंगरी आपण अबुल वफापाशी नुकतीच पाहिली. नक्षीकाराच्या डोळ्याला ती परकी वाटली नसणार. भास्कराचार्य उपपत्तीचे दोन प्रकार मानतात : आकृतीतून दिसणारी ती क्षेत्रगत आणि संख्यांतून पटणारी ती राशिगत. डोळा आणि तर्क या दोघांनाही त्यांनी शास्त्रात मानाने बसविले आहे.

पुढे हाच अताउल्लाह दक्षिणेत आला. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील बीबी का मकबरा या वास्तूच्या मुख्य दरवाजावर स्थपती म्हणून त्याचे नाव कोरलेले आहे, आणि त्याच्याच जोडीला हंसपतराय या अभियंत्याचे. वास्तू १६६०–६१ च्या सुमारास पूर्ण झाली. तिला ‘दख्खनचा ताज’ म्हणून आपण कौतुकाने, आणि क्वचित मूळ ताजाची फिकी नक्कल म्हणून उपहासाने पाहतो. परंतु ती उभारणाऱ्या माणसाने भास्कराचार्यांचे बीजगणित पानोपानी वाचले होते, हे आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक असते? त्याच डोंगररांगांत, चाळीसगावजवळ पाटण येथे, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापिल्याचा १२०७ चा शिलालेख आहे. तो डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांच्या जन्मस्थानाविषयी मतभेद असले, तरी त्यांच्या विद्येची गादी येथे होती यात संशय नाही. ज्या मुलुखात ती विद्या शिकविली जात होती, तेथेच साडेचार शतकांनंतर तिचा फारसी अनुवादक जाळ्या आणि घुमट आखीत उभा होता. आणखी एक गोष्ट. एडवर्ड स्ट्रॅची याने १८१३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केलेले इंग्रजी बीजगणित हे संस्कृतवरून नव्हे, तर अताउल्लाहच्या फारसीवरूनच केलेले होते.

धाकटा भाऊ लुत्फुल्लाह याची एक खूण मांडूला आहे. होशंगशहाच्या संगमरवरी मकबऱ्याच्या दरवाजाजवळ १६५९ चा एक लेख आहे. लुत्फुल्लाह मुहंदिस, ख्वाजा जादूराय, उस्ताद शिवराम आणि उस्ताद हामिद हे शाहजहानच्या पदरचे वास्तुकार येथे येऊन गेले, असे तो लेख सांगतो. दोनशे वर्षांपूर्वीच्या अनामिक कारागिरांना वंदन करण्यासाठी आलेली ही त्या काळच्या श्रेष्ठ शिल्पींची यात्राच होती. त्या चार नावांत आजच्या आपल्या भांडणांचा मागमूस नाही.

याच घराण्यातील खैरुल्लाह पुढे दिल्लीस सवाई जयसिंगाच्या वेधकार्यात सहभागी झाला. दिल्लीचा जंतरमंतर १७२४ च्या सुमाराचा. तोही दगडात आखलेल्या गणिताचाच नमुना होय. आणि त्याच जयसिंगाच्या आश्रयास असलेल्या, परंपरेने महाराष्ट्रीय मानल्या जाणाऱ्या जगन्नाथ सम्राट या पंडिताने युक्लिडची भूमिती अरबीवरून संस्कृतात ‘रेखागणित’ या नावाने आणली. भास्कराचार्यांना फारसीत नेणाऱ्या घराण्याचा वारस आणि युक्लिडला संस्कृतात आणणारा पंडित एकाच राजाच्या छायेखाली काम करीत होते, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे.

तुटलेली दोरी

त्यानंतर ही परंपरा क्षीण होत गेली. राजाश्रय सरला, आणि इंग्रजी अमदानीत अभियंत्यांसाठी एक विद्यालय आणि कलावंतांसाठी दुसरे, अशी नवी व्यवस्था आली. रुडकीचे अभियांत्रिकी महाविद्यालय १८४७ चे, मुंबईची जे. जे. कलाशाळा १८५७ ची. दोन्ही संस्थांनी आपापल्या परीने मोठे कार्य केले, याबद्दल दुमत नाही. परंतु मुहंदिस या एका शब्दाचे त्यामुळे दोन तुकडे झाले, आणि या दोन्ही घरांबाहेर राहिला तो दगडावर टाकी चालविणारा कारागीर. जाळी कापणारे हात आजही आग्र्यात आहेत. वडिलांनी मुलाला दाखविलेली आखणी ते बिनचूक करतात. पण त्यांच्या शेजारी बसून तिचे मर्म विचारणारा अबुल वफा नाही. आणि आमचा गणितात पैकीच्या पैकी गुण मिळविणारा विद्यार्थी शाळा सुटताच कंपास जो ठेवून देतो, तो पुन्हा कधी उघडीत नाही. यात हानी दोघांचीही आहे. कारागिराचे ज्ञान त्याच्या हाताबरोबर नाहीसे होते, आणि विद्यार्थ्याचे ज्ञान हातापर्यंत कधी पोहोचतच नाही.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना ही गोष्ट सांगण्यात माझा एक हेतू आहे. आपल्या अंगणात ठिपक्यांची रांगोळी घालणारी गृहिणी ठिपके चौरसात मांडावयाचे की षट्कोनात, हे रोज ठरवीत असते आणि त्यावर नक्षीची जात ठरते. ती त्याला गणित म्हणत नाही, इतकेच. मंडळांच्या गणेशोत्सवात रांगोळीची स्पर्धा होते आणि निराळ्या दिवशी गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार होतो. हे दोन कार्यक्रम एकाच सायंकाळी, एकाच व्यासपीठावर झाले तर? रांगोळीच्या स्पर्धेनंतर एखाद्या शिक्षकाने पाच मिनिटे त्यातील कोन उलगडून दाखविले तर? मंडळाची सहल आग्र्याला किंवा मांडूला निघेल तेव्हा मुलांच्या पिशवीत खाऊबरोबर एक कंपास आणि चार कोरे कागद असावेत, एवढी सूचना या सुवर्णमहोत्सवी वर्षात नम्रपणे करावीशी वाटते. एतमादुद्दौलाच्या भिंतीपाशी बसून एखाद्या मुलीने ती छत्तीस अंशांची फट स्वतः शोधून काढली, तर तुटलेल्या दोरीला एक गाठ बसली असे समजावयास हरकत नाही.